शेजाऱ्याच्या गच्चीवरून जपान

आकाश कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न आमच्या हैदराबादच्या जामबागेत दोनच प्रसंगी निघतो. संक्रांतीला पतंग कटून दुसऱ्याच्या गच्चीवर उतरतो तेव्हा, आणि मी तारेचे भेंडोळे खांद्यावर टाकून कुणाच्या तरी दारात उभा राहतो तेव्हा. पतंगाचा निकाल पोरे आपसांत लावतात. तारेचा निकाल लागायला चहा होतो, फराळ होतो, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची चर्चा होते, आणि मग कधीतरी विषय गच्चीवर येतो.

भानगड लांबीची आहे. हौशी रेडिओचा परवाना असला की भारतात १८२० ते १८६० किलोहर्ट्झ असा एक अरुंद पट्टा वापरता येतो. त्याला सगळे १६० मीटर म्हणतात. लहर साधारण १६४ मीटरची. तिला शोभेल असा उभा अँटेना पाव लहरीएवढा, म्हणजे चाळीस मीटर उंच हवा. आडवा ताणायचा तर ऐंशी मीटर तार हवी, आणि तीही चांगली उंचावर. चारमिनार ५६ मीटर उंच आहे. त्याच्या एखाद्या मिनारीवरून तार सोडायला मिळाली असती तर मी कुणाच्या दारात गेलोच नसतो. माझे घर वडिलार्जित, तीन मजली. गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीला बांधलेला एक बांबू. पुढे गल्ली, गल्लीपलीकडे शेजारच्या काकूंची गच्ची.

जामबाग हे काही अँटेनाचे गाव नव्हे. कोठी, पुतलीबावली आणि ट्रूप बाजार यांच्या मधोमध ते दाटीने बसले आहे. फुलांचा घाऊक बाजार गुडीमलकापूरला गेला, तरी रस्त्यावर झेंडू-शेवंतीचे ढीग अजून दिसतात. इथेच विवेकवर्धिनी आहे. निजामी राज्यात मराठी मुलांच्या शिक्षणासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिलेली, केशवराव कोरटकरांसारख्यांनी जोपासलेली संस्था. मराठवाड्यातून नोकरी-शिक्षणाला आलेली आमच्यासारखी कुटुंबे तिच्या आसपास राहिली. घरांच्या भिंती एकमेकींना लागून, आणि आता घरे पाडून अपार्टमेंट होत असल्याने उरलेले आकाशही पट्ट्यापट्ट्यांनी कमी होते आहे. जुबिली हिल्सला बंगला असलेल्या माणसाने टॉवर उभारावा. आम्ही तार वळवत, मुडपत, दुसऱ्याच्या कठड्याला टेकवत नेतो.

पण सामानाच्या बाबतीत आम्हांला कुबेराचा शेजार आहे. कोठीच्या गुजराती गल्लीत ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, कनेक्टर मिळतात. ट्रूप बाजारात पीव्हीसीचे पाइप आणि नळाचे सामान. पाइपचा तुकडा इन्सुलेटर म्हणून चालतो, आणि चार इंची पाइपवर इनॅमलची तार गुंडाळली की तोकड्या तारेची उणीव भरणारी लोडिंग कॉइल तयार. ती तार मोटर वाइंडिंगवाला किलोवर देतो. कशाला हवी म्हणून विचारत नाही. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग कंडेन्सर मात्र जुम्मेरात बाजारातच शोधावा लागतो. जमिनीवर पसरलेल्या कुलपांत, पंख्याच्या पात्यांत, मिक्सरच्या भांड्यांत तो कधी सापडतो, कधी नाही. सापडला तर विकणाऱ्याला आपला आनंद दिसू द्यायचा नाही.

हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा घरी बनवता येणारा ट्रान्सीव्हर रचला, तेव्हा त्यातल्या कॉइलींसाठी नळाचे वॉशर चालतील असे सुचवले होते. परदेशी फेराइटच्या कड्यांची वाट पाहत बसलेल्या आमच्यासारख्यांना तो सुटकेचा श्वास होता. पुढे त्यांचा सात वॉटचा बिटएक्स-४० इथूनच तयार होऊन जगभर गेला. नळाच्या दुकानातून सामान आणून दुसऱ्या खंडाशी बोलायचे, हे आमच्या शहराने जगाला शिकवले असे मी अधूनमधून पाहुण्यांना ऐकवतो. अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

आता जमीन. हैदराबाद ग्रॅनाईटवर बसले आहे. अडीच अब्ज वर्षांचा जुना, कोरडा दगड. बोअरवेल खोदणाऱ्याला तो रडवतो आणि अँटेनावाल्यालाही. उभ्या अँटेनाचा प्रवाह परत येतो तो जमिनीतून, आणि आमच्या जमिनीला वीज वाहायचा कंटाळा. मराठवाड्यातल्या ओल्या काळ्या मातीत जे सहज होईल ते इथे होत नाही. हिशेब करून पाहिला की माणूस खचतो. दहा मीटरची सरळ उभी तार घेतली तर या पट्ट्यावर तिचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे शक्ती आकाशात फेकण्याचे माप, जेमतेम दीड ओहम. जमिनीचा तोटा वीस ओहम धरला तर शंभर वॉटपैकी सात वॉट आकाशात जातात, बाकीचे गांडुळांना ऊब देतात. बोअरच्या लोखंडी केसिंगला जोड दिला, कंपाउंडच्या कडेने जीआय तारा पसरल्या, की तोटा कमी होतो, पण संपत नाही.

मात्र त्याच उभ्या तारेचे वरचे टोक आडवे वळवून लांबवर नेले तर चित्र पालटते. उभ्या भागात प्रवाह वरपर्यंत भरून राहतो आणि रेझिस्टन्स जवळजवळ चौपटीने वाढतो. सात वॉटचे वीस-बावीस होतात. तिप्पट! परवान्यात जनरल श्रेणीच्या माणसाला ४०० वॉटपर्यंत मुभा आहे, पण तेवढा ॲम्प्लिफायर विकत घेणे माझ्या खिशाबाहेरचे. काकूंची गच्ची मला फुकटात तिप्पट शक्ती देते. म्हणून मी त्यांच्याकडे जातो.

काकू मूळच्या नांदेडच्या. कठड्यावर हात ठेवून त्यांनी पहिल्यांदा विचारले होते, "तार कुठवर जाणार तुझी?"

"तुमच्या टाकीपर्यंत, काकू."

"ते दिसतंय मला. बोलणं कुठवर जाणार?"

"जपानपर्यंत. जमलं तर रशिया, जर्मनी."

"जपानात कोण आहे आपलं?"

"कोणी नाही."

काकूंनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. मग म्हणाल्या, "बांध. पण माझ्या वाळवणाच्या दोऱ्या सोडून."

दोऱ्या सोडायच्याच होत्या. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या मोकळ्या टोकाशी व्होल्टेज फार चढते. अंधारात ट्यूबलाइट हातात धरून टोकाजवळ नेली तर कुठल्याही जोडणीशिवाय ती उजळते. पोरांना हा खेळ दाखवला की ती वेडी होतात, आणि त्याच वेळी त्यांना सांगून ठेवता येते की या टोकाला हात लावायचा नाही. जुगाडाचे कौतुक आपल्याकडे फार होते. मला ते ऐकवत नाही. दुसऱ्याच्या गच्चीवर तार नेणाऱ्याने ती माणसाच्या हातापेक्षा उंच ठेवली पाहिजे, विजेच्या तारांच्या वरून किंवा जवळून कदापि नेता कामा नये, आणि पावसाळ्याआधी उतरवली पाहिजे. यात तडजोड करणाऱ्याला कल्पक म्हणू नये.

तार टाकायची वेळ संक्रांतीनंतर. आधी टाकली तर तिच्यावर पतंगांचे झाड होते, आणि मांज्याने दोऱ्या कापल्या जातात त्या वेगळ्याच. धूळपेठ इथून जवळ. अख्ख्या शहराला पतंग पुरवणारी वस्ती. जानेवारीच्या मध्यापर्यंत आमच्यावरचे आकाश तिच्या ताब्यात असते. पण त्याच पतंगांनी आम्हांला सर्वांत चांगले कारागीरही दिले आहेत. दोऱ्याला दगड बांधून तो कटलेल्या पतंगावर फेकायचा, याला लंगर म्हणतात. गल्लीतल्या पोरांचा लंगराचा नेम असा की तीन मजल्यांवरून, केबलच्या जंजाळाला न शिवता, दगड बरोबर काकूंच्या टाकीपाशी पडतो. "आप बाजू हटो अंकल, मैं फेंकतूं," असे म्हणून एकाने माझ्या हातातून दोरी काढून घेतली, त्या दिवसापासून हे काम माझे राहिलेले नाही. मार्कोनीनेसुद्धा १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला तो पतंगाने उचललेल्या तारेवर. सिग्नल हिलवरच्या वाऱ्यात त्याला धूळपेठची दोन पोरे मिळाली असती तर त्रास वाचला असता.

या शहरात रेडिओ तसा उशिरा आला नाही. ३ फेब्रुवारी १९३५ ला निजाम सरकारचे डेक्कन रेडिओ २०० वॉटच्या यंत्रावर, ४११ मीटरवर सुरू झाले. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी, कानडी कार्यक्रमही त्यावर होत. आजच्या हिशेबाने दोनशे वॉट म्हणजे हौशी माणसाच्या टेबलावर मावणारी शक्ती. मुंबईत तर हौशी रेडिओने इतिहासच घडवला. महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये सरकारने हौशींचे परवाने रद्द केले, यंत्रे जमा करायला लावली. नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचे ज्ञान मात्र जमा करता आले नाही. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा काँग्रेस रेडिओ त्यांनी बांधलेल्या यंत्रावर बोलू लागला, ४२.३४ मीटरवर. आकडा मोडून पाहिला तर ही जागा आजच्या आमच्या ४० मीटरच्या पट्ट्यात पडते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ते यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत. प्रत्येक वेळी कुणीतरी आपली खोली, आपली खिडकी दिली असणार. इतिहासात केंद्राचे नाव राहते. ज्यांच्या खिडकीतून तार बाहेर पडली त्या घरवाल्यांचे राहतेच असे नाही. मी १६० मीटरवर रडतो तेव्हा या ४० मीटरवाल्यांचा विचार करतो. पट्टा वर, तार चौथाई लांबीची, आणि पकडले गेले तर तुरुंग.

तार बांधून झाली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. अँटेना ऐकतोही. आणि तो सगळ्यांत आधी ऐकतो शेजाऱ्यांना. सीसीटीव्हीचा ॲडॅप्टर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, पायरीवरचा एलईडी दिवा, इन्व्हर्टर: प्रत्येकाच्या पोटात वीज तुकड्यातुकड्यांनी कापणारे एक सर्किट असते, आणि ते खालच्या पट्ट्यांवर गुरगुरत राहते. उन्हाळ्यात वरून विजांचा कडकडाट मिसळतो, म्हणून खालच्या पट्ट्यांचा हंगाम थंडीचाच. विजांना इलाज नाही, चार्जरला आहे. हातात लहान ट्रान्झिस्टर घ्यायचा, मीडियम वेव्हवर मोकळी जागा लावायची आणि भिंतीकडेने फिरायचे. आवाज वाढला की त्या घरात जायचे. "भाईसाब, आपका जीने का बल्ब बदलूँ क्या? नया मैं लाया हूँ." लोक संशयाने पाहतात. बल्ब फुकट लावून देणारा माणूस या शहरात नक्कीच काहीतरी विकायला आलेला असतो. कुणाच्या वायरीला फेराइटची कडी अडकवून देतो, कुणाला चांगला चार्जर. उलट बाजूही आहे: माझ्या मोर्सच्या ठोक्यांनी काकूंच्या भजनी मंडळाच्या स्पीकरमध्ये टकटक सुरू झाली, तेव्हा तिथल्या वायरींनाही कडी अडकवावी लागली. एकादशीला मी यंत्राला हात लावत नाही, असा आमच्यात करार आहे.

इतके सगळे ज्यासाठी, ती स्पर्धा जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी येते. १६० मीटरवरची, मोर्सची, जगभराची. आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेतीनला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेतीनला संपते. जितक्या जास्त लोकांशी संपर्क होईल, जितक्या देशांशी होईल, तितके गुण. आपल्याच देशातल्या माणसाला २, आशियातल्या दुसऱ्या देशाला ५, दुसऱ्या खंडाला १०. देवाणघेवाण म्हणाल तर दोन आकड्यांची: सिग्नलची प्रत आणि आपला विभाग. भारत २२ व्या विभागात. प्रत सगळे ५९९ देतात, म्हणजे उत्तमातली उत्तम. "काय? कोण? पुन्हा सांग" असे घायकुतीला येऊन विचारणारा माणूसही आपले नाव कळल्यावर ५९९ देऊन मोकळा होतो. जगात इतके सर्वमान्य खोटे दुसरे नसेल.

पहाटे साडेतीनला युरोपात रात्रीचे अकरा. तिथे सगळे जागे, सगळे मोठ्याने बोलणारे, आणि त्यांना एकमेकांचाच आवाज पुरेसा. त्या गलक्याखाली माझे वीस वॉट. एखादा बल्गेरियाचा, एखादा युक्रेनचा माणूस जरा थांबतो, प्रश्नचिन्ह पाठवतो. मी नाव पाठवतो. त्याला फक्त सुरुवातीचे, भारताचे 'व्हीयू' लागते. पुन्हा पाठवतो. सूर्योदयाआधी काही मिनिटे सिग्नल आपोआप उचलला जातो, तेव्हा इतका वेळ न ऐकणारे अचानक ऐकू लागतात. न्यूयॉर्ककडेही त्या वेळी अंधार पडलेला असतो, पण वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते आणि ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा ती बहुधा गिळून टाकतो. मी त्या दिशेने बोलावत राहतो. कुणी ओ देत नाही. मग ऊन येते. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा आयनांचा थर जागा होतो आणि या पट्ट्याला दिवसभर शोषून घेतो. शनिवारचा दिवस झोपेचा.

संध्याकाळी सव्वासहाला, खाली फुलवाले पाणी मारत असतात तेव्हा, जपान येते. तिथे रात्र झालेली असते. साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपासचे अंतर. जपानी ऑपरेटरांइतकी शिस्त मी दुसरीकडे ऐकली नाही. एकाने मला अर्धवट ऐकले तर तो बाकीच्या सगळ्यांना थांबवतो आणि फक्त माझी अक्षरे मागत राहतो. पाच गुणांसाठी एवढा वेळ घालवणे त्याला परवडत नाही. त्या वेळात त्याचे चार सोपे संपर्क झाले असते. तरी तो थांबतो. त्याच्याकडे मोठे शेत असेल, उंच टॉवर असेल, किंवा त्याचीही तार टोकियोतल्या कुणाच्या काकूंच्या गच्चीवर अडकलेली असेल. कळायला मार्ग नाही. मला कळतो तो त्याचा कान.

डिसेंबरात दुसरी एक स्पर्धा असते, स्ट्यू पेरी या अमेरिकन १६० मीटरवाल्याच्या नावाची. तिथे देशांची गणती नाही. पृथ्वीचे चौकोन पाडले आहेत. हैदराबादचा चौकोन एमके ९७. दोन चौकोनांत अंतर जितके, तितके गुण. आणि कमी शक्तीच्या केंद्राला जो ऐकून काढतो, त्याला ज्यादा. ही अट करणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. बाकी बहुतेक स्पर्धा बोलणाऱ्याचे कौतुक करतात; ही ऐकणाऱ्याला बक्षीस देते.

स्पर्धा संपली की प्रत्येकाने आपली नोंद पाठवायची. मग संगणक हजारो नोंदी एकमेकींशी ताडून पाहतो. मी लिहिले की अमुक जपानी माणसाशी संपर्क झाला, पण त्याच्या वहीत मी नसलो तर माझा संपर्क बाद, वर दंड. दोघांच्या वहीत असेल तेच खरे.

लोकांना हा खेळ समजावून सांगताना हौशी मंडळी हमखास आपत्तीच्या गोष्टी काढतात. गोष्टी खऱ्या आहेत. सोमाजीगुड्याच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओने डिसेंबर २००४ मध्ये अंदमानला मोहीम नेली होती. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तिथून जगाशी गप्पा मारत असतानाच २६ तारखेला त्सुनामी आली. दूरध्वनी गेले, आणि कालपर्यंत गप्पा मारणारी तीच यंत्रे नातेवाइकांचे निरोप पोचवू लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर भूकंपातही हौशी रेडिओवाले पोचले होते. मराठवाड्यातल्या आमच्या घरांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण हे सांगून माझ्या छंदाचे समर्थन करायला मला संकोच वाटतो. रोज पहाटे रियाझ करणाऱ्याला कुणी विचारत नाही की पूर आला तर तुझ्या भूपाचा काय उपयोग. जपानात आपले कोणी नाही आणि तरी जपानला ऐकू जावेसे वाटते. काकूंना हे पटले नाही, पण त्यांनी तार बांधू दिली.

यंदा अडचण वेगळीच आहे. काकूंचे घर मुलांनी बिल्डरला दिले. काकू मियापूरला मुलाकडे गेल्या. मेट्रोने जाऊन भेटतो. जुने घर पाडून पाच मजले आणि वर पेंटहाऊस होणार आहे. मी नकाशा पाहून आलो. तयार झाल्यावर त्या बाजूची उंची पंधरा मीटरांच्या पुढे जाईल. उंची दीडपट झाली तर रेडिएशन रेझिस्टन्स सव्वादोनपट. जमीन तीच धरली तरी वीस-बावीस वॉटांचे चाळीसच्या घरात जातात. हा आनंद दडवणे मला जड गेले. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन मी कागदावर आकृती काढून दाखवली, तार काळी असेल, पातळ असेल, खालून दिसणारही नाही, असे सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चहा मागवला आणि दरपत्रक माझ्यापुढे सरकवले.

"तार का बाद में देखते भाईसाब," ते म्हणाले, "पहले ये बोलो, टू बीएचके की थ्री?"